फॉल्स सीलिंगमधले डाउनलाइट : 'फायर रेटेड' घ्यायचे का, आणि वायरिंगमध्ये काय सांभाळायचं?

ठाणे_२बीएचके :
ठाण्यात २२ मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल, पॅसेज आणि दोन्ही बेडरूममध्ये फॉल्स सीलिंग करायचं ठरलंय. स्लॅबपासून ६ इंच खाली जिप्सम बोर्ड, फक्त टीव्हीच्या भिंतीसमोर ८ फूट बाय ३ फूट भाग प्लायवर व्हिनिअर. त्यात १२ वॅटचे २६ डाउनलाइट (सीलिंगच्या भोकात बसणारे दिवे), ७ वॅटचे ८ सीओबी स्पॉट (एका जागी झोत टाकणारे एलईडी) आणि हॉलभोवती १८ मीटर कोव्ह स्ट्रिप (सीलिंगच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी). काम सुरू व्हायच्या आधी चार गोष्टींची खात्री करून घ्यायची आहे.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे 'फायर रेटेड' (ठराविक वेळ आग रोखणारे) डाउनलाइटच लावा म्हणतात. आपल्याकडे तसा नियम आहे का?

वायरमनचं म्हणणं, एलईडीला करंट कितीसा लागतो, एसीच्या पॉइंटमधून लाइन काढतो, जोड पिळून टेप मारली की झालं. हे चालेल का?

हॉलमध्ये दोन स्प्रिंकलर आहेत. ते सीलिंगच्या वर जातील, खाली जाळी ठेवू असं कंत्राटदार सांगतो.

बेडरूममध्ये वरच्या मजल्याचा आवाज येतो म्हणून सीलिंगवर ५० मिमी ग्लासवूल टाकायचा विचार आहे. त्याखाली लाइट चालतील का?

वायरिंग_सुपरवायझर :
दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो. एसीच्या पॉइंटमधून लाइटची लाइन काढू देऊ नका. कितीही समजावलं तरी नाही.

कारण असं. एसीच्या सर्किटला २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) असतो आणि ४ स्क्वेअर एमएमची वायर असते. त्यातून १ किंवा दीड स्क्वेअर एमएमची वायर सीलिंगमध्ये नेली, तर त्या बारीक वायरला राखणारा एमसीबीही २० अँपिअरचाच राहतो. पाइपमधली १ स्क्वेअर एमएमची वायर साधारण १० अँपिअरच्या आसपास थकते. पुढे कुणी त्याच लाइनवर सॉकेट घेतलं, किंवा एखाद्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या छोट्या डब्यात) अर्धवट शॉर्ट झालं, की एमसीबी पडायच्या आधी वायर तापते. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची कायमची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. सीलिंगमध्ये ते मऊ होऊन गळायला लागलं तरी खाली कुणाला दिसत नाही.

तुमचा लोड मोजू. २६ गुणिले १२ म्हणजे ३१२ वॅट, ८ गुणिले ७ म्हणजे ५६. एकूण ३६८ वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १.६ अँपिअर. स्ट्रिप १४.४ वॅट प्रति मीटरची धरली तर १८ मीटरचे २५९ वॅट. सगळं मिळून ६२७ वॅट, पावणेतीन अँपिअरच्या आत. एवढ्याला डीबीतून (एमसीबींच्या मुख्य पेटीतून) थेट दीड स्क्वेअर एमएमची लाइन आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी भरपूर झाला. एमसीबी सी कर्व्हचा घ्या. बरेच ड्रायव्हर एकदम सुरू झाले की क्षणभर करंट उसळतो आणि बी कर्व्हचा एमसीबी विनाकारण पडतो. सर्किट मात्र दोन करा, एक हॉल-पॅसेजचं, एक बेडरूमचं. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. तुमचे वॅट बसतात, पण एका बिघाडात सगळं घर अंधारात जाऊ नये. दोन्ही सर्किट ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागे असू द्या.

आता जोड. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या : सैल जोड एमसीबीला दिसत नाही. जोड सैल झाला की करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. फेजचा करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत असल्यामुळे आरसीसीबीलाही तो कळत नाही. ठिणगी ओळखणारं एएफडीडी नावाचं साधन मिळतं, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या चाचण्याच अडीच अँपिअरपासून सुरू होतात. तुमच्या एकेका सर्किटचा करंट त्याहून कमी आहे. म्हणजे सैल जोडापासून वाचवणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे जोड मुळात चांगला करणं.

पिळून टेप मारलेला जोड का बिघडतो? लाइट चालू-बंद होताना तांबं तापतं, निवतं, प्रसरण पावतं, आकसतं. पीळ हळूहळू सैल होतो. तारांवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो. त्यात उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सरकते. शेवटच्या लाइटच्या जोडातून ०.०५ अँपिअर जातो, तिथे काही होत नाही. पण साखळीतल्या पहिल्या जोडातून सगळ्या लाइटचा करंट जातो. जळलेला जोड बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

म्हणून हे मागा :
— प्रत्येक जोड लिव्हर कनेक्टरमध्ये. वागोच्या २२१ मालिकेतले छोटे कनेक्टर ०.२ ते ४ स्क्वेअर एमएमपर्यंतची वायर घेतात आणि ३२ अँपिअरचे असतात. वायर ११ मिमी सोला, तांबं कनेक्टरबाहेर दिसता कामा नये. पितळी स्क्रूची कनेक्टर पट्टी वापरणार असाल तर मल्टीस्ट्रँड वायरच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबूनच. नुसत्या तारा स्क्रूखाली चिरडतात आणि पुन्हा सैल पडतात.
— कनेक्टर झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये. सीलिंगवर मोकळा लोंबणारा एकही जोड नको.
— वायर पूर्णपणे पाइपमध्ये, आणि पाइप स्लॅबला सॅडलने, दर दोन-अडीच फुटांवर. जिप्समच्या फ्रेमवर टाकून दिलेली वायर जीआय चॅनेलच्या कापलेल्या कडेवर घासते. ती कड पत्र्याची आणि धारदार असते. स्क्रू मारताना तो वायरमध्ये घुसण्याचीही भीती. फ्लेक्झिबल पाइप फक्त शेवटच्या दीड-दोन फुटांना.
— वायर आयएस ६९४ (भारतीय मानक) ची, एफआरएलएस, म्हणजे आग पसरू न देणारी आणि कमी धुराची. परवडत असेल तर हॅलोजनविरहित, आयएस १७०४८ ची. साधी एफआर आग पुढे पसरू देत नाही, पण जळाली तर दाट धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. घरातल्या आगीत माणसं धुराने आधी गुदमरतात, म्हणून हे पैसे वाचवू नका.

एलईडीला उष्णता नसते हेही खरं नाही. १२ वॅटमधला अर्ध्याहून जास्त भाग उष्णताच होतो. हॅलोजनसारखा तो प्रकाशासोबत खाली फेकला जात नाही, मागच्या हीटसिंकमधून (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या भागातून) सीलिंगच्या पोकळीत जातो. ड्रायव्हरवर छोट्या ठिपक्याजवळ 'टीसी' लिहून ७५, ८० असा आकडा असतो. ती त्या ठिपक्यावरची कमाल मर्यादा. 'टीए' म्हणजे भोवतालच्या हवेची मर्यादा, ४० किंवा ४५. शेवटच्या मजल्यावर, विशेषतः विदर्भात, मे महिन्यात स्लॅबखालची हवा तेवढी सहज होते. तिथे टीए ५० चा माल शोधावा. तुम्ही मधल्या मजल्यावर आहात, ४५ पुरेल. ड्रायव्हर हीटसिंकच्या डोक्यावर ठेवू नका, फूटभर बाजूला ठेवा.

दिवा आणि ड्रायव्हर दोन्हींवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा, 'आर-' आणि पुढे ८ आकडे. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि उत्पादन दिसतं. खोक्यावर आहे आणि ड्रायव्हरवर नाही, असा माल परत करा.

स्ट्रिपबद्दल. २३० व्होल्टची रोप लाइट कोव्हमध्ये नकोच. २४ व्होल्टची घ्या, १२ ची नको. ५ मीटरचा तुकडा ७२ वॅटचा : १२ व्होल्टला ६ अँपिअर, २४ ला ३. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरने एसएमपीएस (स्ट्रिपचा ड्रायव्हर) ५ मीटर दूर असेल तर १२ व्होल्टमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट पडतो, म्हणजे ६ टक्के. २४ मध्ये ०.३६, म्हणजे दीड टक्का. १८ मीटरचे साडेचार मीटरचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकडा ६५ वॅटचा, त्याला १०० वॅटचा बंद डब्यातला ड्रायव्हर. दोन तुकड्यांना मिळून एक १५० वॅटचा लावतात, पण तो सतत ८५ टक्क्यांच्या पुढे चालतो आणि लवकर जातो. जाळीचा एसएमपीएस वापरू नका, त्याचे टर्मिनल उघडे असतात आणि सीलिंगमधली धूळ, पाली त्यात शिरतात. स्ट्रिप ॲल्युमिनियम प्रोफाइलवर चिकटवा. नुसत्या प्लायवर चिकटवलेली स्ट्रिप उष्णता सोडू शकत नाही, आणि सैल पडली की गुंडाळी होऊन एकाच जागी तापते.

डाउनलाइटचा ड्रायव्हर दिव्याच्या भोकातून बाहेर काढता येतो. कोव्हचा ड्रायव्हर तसा निघत नाही. त्यासाठी ३०० बाय ३०० मिमीचा ट्रॅप डोअर आत्ताच नकाशात टाका.

बोर्ड लावायच्या आधी दोन कामं. पूर्ण वायरिंगचे फोटो, टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे. आणि मेगर टेस्ट (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारी) : ड्रायव्हर न जोडता, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगच्या विरुद्ध ५०० व्होल्ट डीसी. किमान १ मेगओहम लागतो, पण नवीन वायरिंग ५० च्या खाली दाखवत असेल तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे असं समजून शोधा. लाइट लागल्यावर सगळे दिवे चार तास चालू ठेवा, एसी बंद ठेवून. मग दोन-चार दिवे खाली उतरवून इन्फ्रारेड थर्मामीटरने टीसीच्या ठिपक्यावर मोजा.

अग्निसुरक्षा_आर्किटेक्ट :
विजेचं वर सविस्तर आलंय. बाकीच्या तीन प्रश्नांचं.

फायर रेटेड डाउनलाइट तुमच्या फ्लॅटला लागत नाहीत. दोन मजल्यांमधला आगीचा अडसर तुमच्याकडे आरसीसी स्लॅब आहे, जिप्सम नाही. आयएस ४५६ प्रमाणे १२५ मिमी जाडीच्या स्लॅबला, सळयांवर पुरेसं कव्हर असेल तर, २ तासांची आगरोधकता धरतात. सीलिंगला पाडलेल्या भोकांनी त्यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो स्लॅबला किंवा डक्टच्या भिंतीला आरपार भोक पाडल्यावर. एसीच्या पाइपसाठी किंवा केबलसाठी इलेक्ट्रिक डक्टच्या भिंतीत भोक घेतलं तर ते फायर सीलंटने बुजवून घ्या. पीयू फोमने नाही, तो स्वतःच पेटतो. आणि तुमच्या टॉवरचा स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल तर फास्टनरसाठी ड्रिल मारण्यापूर्वी बिल्डरकडून टेंडनचा (स्लॅबमधल्या ताणलेल्या पोलादी केबलींचा) नकाशा मागा. ताणलेली केबल तुटली तर ती दुरुस्ती सोपी नाही.

स्प्रिंकलरबाबत कंत्राटदाराचं अजिबात ऐकू नका. आगीतला गरम धूर वर जाऊन छताखाली साचतो. स्प्रिंकलरमधला लाल द्रव असलेला काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो, पण तो सीलिंगच्या वर गेला तर ती उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, आणि फुटला तरी पाणी बोर्डवर पडतं. जाळीने हे सुटत नाही. योग्य पद्धत अशी : सोसायटीला लेखी कळवा, सोसायटीच्या परवानाधारक एजन्सीकडून तेवढ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी उतरवून घ्या, पाइप खाली वाढवून स्प्रिंकलरचं तोंड तयार सीलिंगच्या खाली आणा आणि बोर्ड लावण्यापूर्वी दाबाची चाचणी करून घ्या. स्प्रिंकलरवर रंगाचा थेंबही नको. रंगकाम होईपर्यंत पिशवी बांधा आणि रंग झाला की त्याच दिवशी काढा. झुंबर किंवा कपाटाचा लॉफ्ट फवारा अडवणार नाही असं बघा, खाली निदान अर्धा मीटर मोकळं हवं. धुराचा डिटेक्टर असेल तर तोही सीलिंगखाली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर आहे. जानेवारी आणि जुलैत एजन्सी नमुना 'ब' मध्ये प्रमाणपत्र देते. तुमच्या हॉलमधला स्प्रिंकलर झाकलेला असताना ते देणं म्हणजे खोटी सही. विजेच्या बाजूने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम लागू होतात. दिवा किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर नवीन वायरिंग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. इंटिरिअरच्या कंत्राटदाराला हा परवाना असतोच असं नाही. क्रमांक मागा.

ग्लासवूल जळत नाही, पण दिव्याची उष्णता कोंडते. पातळ पॉलिथिनच्या पिशवीत येणारं असेल तर ती पिशवी जळते. दिव्याच्या खोक्यावर किंवा मागे इन्सुलेशनच्या थरावर फुली मारलेलं चिन्ह असेल तर तो दिवा झाकायला मनाई आहे. प्रत्येक दिव्याभोवती चारी बाजूंनी १०० मिमी आणि वर पूर्ण मोकळी जागा ठेवायची म्हटली तर बेडरूमच्या ग्लासवूलला इतकी भोकं पडतात की आवाज अडत नाही. माझं मत : बेडरूममध्ये ग्लासवूल हवं असेल तर डाउनलाइट नकोत, सरफेस पॅनेल (सीलिंगच्या बाहेरून बसणारे दिवे) लावा. आणि पावलांचा, खुर्ची ओढल्याचा आवाज हँगरमधून थेट फ्रेममध्ये येतो. रबरी हँगर नसतील तर ग्लासवूलचा उपयोग फार थोडा.

प्लायच्या पट्ट्यात स्पॉट असतील तर ते जिप्समच्या भागात सरकवा. सरकत नसतील तर भोकाच्या वर जिप्समचा चौकोन लावून मग त्यात दिवा बसवा, ड्रायव्हर प्लायवर टेकू देऊ नका. स्पॉटवर मीटरमध्ये अंतर छापलेलं असतं, ०.५ वगैरे. पडदा किंवा उघडलेलं लॉफ्टचं दार त्याच्या आत येत असेल तर जागा बदला. पीव्हीसी पॅनेल आणि थर्माकोलची नक्षी सीलिंगला नको, दोन्ही वितळून जळते थेंब टाकतात.

स्वयंपाकघरातही सीलिंग करणार असाल तर पीएनजीचा पाइप त्यात झाकू नका. हा वायू हवेपेक्षा हलका असतो, गळला तर नेमका त्या पोकळीत साठेल, आणि तिथेच तुमचे जोड असतील.

रेडिंगकर :
इंग्लंडमध्ये फायर रेटेडचा आग्रह का असतो ते सांगतो, म्हणजे व्हिडिओ बघताना गोंधळ होणार नाही. इथल्या बहुतेक घरांत मजला लाकडी जॉइस्टचा (आडव्या तुळयांचा) असतो. खालच्या खोलीचं १२.५ मिमी प्लास्टरबोर्डचं छत हाच आगीचा अडसर. दुमजली घरात मजल्याने साधारण ३० मिनिटं आग रोखावी लागते, दोन फ्लॅटमध्ये ६० किंवा जास्त. त्याला भोक पाडलं की ज्वाळा थेट लाकडाला भिडते. म्हणून पोलादी डबा आणि तापल्यावर फुगणारी इंट्युमेसंट पट्टी असलेला दिवा लावतात. पट्टी फुगून भोक बुजवते.

इथे राहणाऱ्यांसाठी : नुसतं '३०/६०/९०' छापलेलं बघून थांबू नका. चाचणी कोणत्या जॉइस्टवर झाली ते डेटाशीटमध्ये बघा. भरीव लाकडावर पास झालेला दिवा आय-जॉइस्टवर (इंग्रजी I आकाराच्या तुळईवर) पास झालेला असेलच असं नाही, कारण आय-जॉइस्टचा मधला पडदा पातळ असतो आणि लवकर जळतो. जुने बीएस ४७६ चे आगरोधकतेचे वर्ग सप्टेंबर २०२९ मध्ये अप्रूव्हड डॉक्युमेंट बी (बांधकाम नियमांची आगीविषयीची मार्गदर्शिका) मधून जाणार आहेत, म्हणून आत्ताच ईएन १३६५-२ ची चाचणी असलेला माल घ्या. लॉफ्टखालच्या छताला बहुधा आगीचा मुद्दा येत नाही, पण वर २७० मिमी इन्सुलेशन असतं. तिथे झाकायला परवानगी असलेलाच दिवा किंवा वर टोपी हवी. नवीन सर्किट असेल तर पार्ट पी (घरातल्या वायरिंगचे बांधकाम नियम) खाली नोंद लागते. चालू सर्किटवर दिवे वाढवले तर, बाथरूममधल्या शॉवर-टबजवळच्या जागा सोडून, लागत नाही.

गिरगाव_चाळ :
मग आमच्यासारख्या जुन्या चाळींचं काय? लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर कोबा आणि लादी. खोली ११२ चौरस फूट. खाली जिप्सम करून सहा दिवे लावायचे आहेत.

अग्निसुरक्षा_आर्किटेक्ट :
तुमच्याकडे परिस्थिती इंग्लंडसारखीच आहे, उलट जास्त नाजूक. दोन तुळयांमधली पोकळी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कधी शेजारच्या खोलीतही मोकळी असते, आणि आग त्यातून पळते. त्यात उंदीर वायर कुरतडतात. जोड लाकडाच्या पोकळीत मुळीच नको.

चांगला मार्ग दोन थरांचा. तुळयांखाली आधी १२.५ मिमी फायर बोर्डचे, म्हणजे गुलाबी जिप्समचे, दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे, एकही भोक न पाडता. भिंतीलगतची फट फायर सीलंटने भरायची. त्याच्या खाली ४ इंच सोडून वेगळं हलकं सीलिंग, आणि दिवे, पाइप, जोड सगळं त्या चार इंचांत. फ्रेमचे हँगर दोन थरांतून तुळईत स्क्रू करायचे, ती भोकं स्क्रूएवढीच राहतात. वजन मोजा : दोन थरांचं चौरस मीटरला साधारण २० किलो, तुमच्या १०.४ चौरस मीटरला २०० किलोच्या वर, शिवाय खालचं सीलिंग. तुळया वाळवीने पोखरलेल्या असू शकतात, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरने टोचून बघितल्याशिवाय हे करू नका. तुळई झेपत नाही म्हणाला तर सीलिंगचा विचार सोडा आणि सरफेस दिवे, वायर भिंतीवरून कॅपिंग-केसिंगमध्ये. उपकरप्राप्त इमारत (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर परवानगीचं आधी बघा.

ठाणे_२बीएचके :
सगळ्यांचे आभार. स्प्रिंकलरसाठी सोसायटीला पत्र देतो, बेडरूममध्ये सरफेस पॅनेल करतो. एक अडचण उरली : डीबीमध्ये एकही जागा रिकामी नाही, आणि वायरमन म्हणतो की म्हणूनच एसीतून घ्यायचं.

वायरिंग_सुपरवायझर :
दोन रस्ते आहेत. तुमच्या फ्लॅटला बिल्डरने दिलेलं लाइट-पंख्याचं सर्किट असणारच, ६ किंवा १० अँपिअरच्या एमसीबीवर. बेडरूमच्या बाजूचे पंखे मोजा : जुने पंखे ७५ वॅटचे धरले तरी तीन पंखे २२५ वॅट. बेडरूमचे डाउनलाइट आता सरफेस पॅनेल होणार, समजा ८० वॅट. एकूण ३०५, म्हणजे दीड अँपिअरही नाही. ते त्याच सर्किटवर आरामात बसतं. फक्त एमसीबीपासून स्विचबोर्डपर्यंतची वायर दीडचीच आहे ना, हे डीबी उघडून बघा, आणि एमसीबी आधी कुणी १६ चा करून ठेवला नाही ना तेही.

हॉलच्या दिव्यांना आणि कोव्हला वेगळं सर्किट हवं. त्यासाठी डीबीशेजारी ४ वेचा (चार एमसीबींच्या जागेचा) छोटा बॉक्स लावायचा, त्यात १० अँपिअर सी कर्व्हचा एक एमसीबी. त्याला सप्लाय आरसीसीबीच्या आउटगोइंग बाजूने, ४ स्क्वेअर एमएमच्या वायरने, आणि न्यूट्रलही त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल बारवरून. न्यूट्रल दुसरीकडून घेतला तर लाइट लावताक्षणी आरसीसीबी पडेल आणि मग वायरमन तो बायपास करायला निघेल. ते होऊ देऊ नका. झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, आणि डीबीच्या झाकणावर कोणता एमसीबी कशाचा ते मराठीत लिहून चिकटवा.